चाकावरची होडी

कोकणातल्या मुसलमानाला समुद्राची ओळख करून द्यावी लागत नाही. कुणाचे आजोबा आगबोटीवर खलाशी होते, कुणाचे मचव्यावर तांडेल. दालदी घरांत तर पोर चालायला लागलं की जाळ्यात पाय अडकवूनच पडायचं. पुढे रोजीची वाट आखाताकडे वळली. जवान पोरं विमानाने गेली आणि बंदरावर म्हातारे, बायका व शाळकरी मुलं उरली. या बदलावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं आहे. आम्हाला इथे सांगायची आहे ती त्यातली एक अगदी लहान गोष्ट : पुळणीवरची होडी पाण्यापर्यंत न्यायची कुणी आणि कशी?

शहरातल्या माणसाला हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण ज्या गावाला जेटी नाही, तिथे मच्छीमाराची पहिली मेहनत समुद्रात नसते, वाळूत असते. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी फजरची नमाज आटोपली की चार-सहा माणसं मशिदीतून थेट पुळणीवर येत. होडीखाली फळ्या टाकायच्या, ‘बिस्मिल्ला’ म्हणून एकदम खांदा लावायचा, मागची फळी उचलून पुढे टाकायची. होडी परत आली की खांदा देणाऱ्या प्रत्येकाच्या घरी मासळी जाई. ती मजुरी नव्हती आणि खैरातही नव्हती. त्याला आम्ही ‘वाटा’ म्हणत असू.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. किनाऱ्यावरची सुरूची झाडं आडवी झाली, त्यांतलं एक आमच्या चाचांच्या होडीवर पडलं. होडी मोडली, पण खरं तर त्याआधीच ती निम्मी बसली होती. कारण हाक मारली तर येणारी माणसं दोनच उरली होती आणि त्यांतल्या एकाला दम्याचा त्रास होता.

वादळानंतर आम्ही पुतण्यांनी वर्गणी काढून पर्यटकांना फिरवणाऱ्या एकाकडून जुना कयाक घेतला. दोन माणसांचा, प्लॅस्टिकचा, आतून पोकळ. वजन तीस-बत्तीस किलो. गरी टाकून चार मासे आणायला तेवढा पुरे. तरी जाळी, पाणी, वल्ही धरून ओझं चाळीसच्या वर जातं आणि चाचांच्या गुडघ्यांना ते झेपत नाही. फरफटत न्यावा तर वाळू प्लॅस्टिकचा तळ घासून पातळ करते. म्हणून गाडा करायचं ठरलं.

पहिला विरोध चाचांचाच झाला. ‘होडी खांद्यावर जाते. जनाजासुद्धा खांद्यावरच जातो. चाकावर काय, कलिंगडं जातात!’ चाचींचा विरोध वेगळा होता आणि जास्त खरा होता. त्या म्हणाल्या, ‘ढकलायला माणूस नाही, म्हणून तर हे घरात थांबतात. तुम्ही गाडा करून दिलात की एकटे जातील. सत्तरीच्या माणसाला एकटं समुद्रात धाडायची सोय करताय तुम्ही.’ यावर आमच्यापैकी कुणालाही उत्तर सुचलं नाही. पण घरात बसलेले चाचाही आम्ही रोज पाहत होतो. दिवसभर ओट्यावर, तोंड समुद्राकडे.

वाळूत सगळा प्रश्न चाकाच्या रुंदीचा आहे. हर्णैच्या बंदरात लोकांनी वर्षानुवर्षं बैलगाड्या पाण्यात घालून मासळी उतरवली. त्या चाकांची लोखंडी धाव अरुंद असते, तरी ती चालतात. कारण ओहोटीची ओली वाळू घट्ट असते, चाक मोठं असतं आणि ओढायला बैल असतो. आमच्याकडे वरची कोरडी, भुसभुशीत वाळू दीडशे पावलं, आणि ओढणारा एक म्हातारा. अरुंद चाकाखाली सगळं वजन बोटभर जागेवर येतं, चाक रुततं आणि गाडा नांगर होतो. रिक्षाचं जुनं टायर लावून पाहिलं. हवा कमी केली, तरी त्याची जाड बाजू एवढ्याशा वजनाला दबत नाही. दबलं नाही तर पसरत नाही, आणि पसरलं नाही तर वाळूवर तरंगत नाही.

हवं होतं ते फुग्यासारखं चाक : मऊ, वीतभर रुंद, आत जेमतेम दोन-तीन पौंड हवा. उंटाचा पाय जसा पसरून पडतो, तसं. दोह्याहून रजेवर आलेल्या भाच्याने यंदा अत्तर आणि ब्लँकेट बाजूला ठेवून अशी दोन चाकं हवा काढून बॅगेत आणली. घरातल्या बायकांनी त्याला त्यावरून बरंच ऐकवलं.

बाकीचं मोहल्ल्यातच जमलं. तयार गाड्यांत एक प्रकार असतो, ज्याचे दोन दांडे कयाकच्या पाणी निघायच्या भोकांत खालून बसतात. तो आम्ही घेतला नाही. वाळूत गाडा डुलतो, सगळा ताण त्या भोकांच्या कडेवर येतो, तिथे चीर पडली तर पाणी पोकळ पोटात शिरतं आणि बसणाऱ्याला कळतसुद्धा नाही. आम्ही पोटाखाली दोन आडवे आधार दिले, त्यांवर जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळली आणि मोटारीच्या सीटचा पट्टा वरून बांधला. उन्हात पट्टा फार आवळायचा नाही. तापलेलं प्लॅस्टिक दबून खळगा पडतो. चौकट ॲल्युमिनियमच्या पाइपची, आस स्टेनलेस स्टीलचा. हे दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले तर ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मध्ये प्लॅस्टिकचे वायसर. छर्‍यांचं बेअरिंग मुद्दाम टाळलं. मीठ आणि वाळू त्याला महिन्यात जाम करतात. साधं प्लॅस्टिकचं बुश घातलं. आस कयाकच्या मध्याच्या किंचित मागे ठेवला. त्यामुळे जवळजवळ सगळं वजन चाकांवर राहतं आणि हाताला फक्त चार-पाच किलो लागतं.

गाडा ठेवायचा कुठे, ते मात्र चाचांनी सांगितलं. त्यांचं भरतीचं कोष्टक चांदावर चालतं. चांद दिसला की आणि चौदावीच्या सुमाराला उधाण. सातवी-आठवीला आणि बाविसाव्या तारखेच्या आसपास भांगाचं पाणी. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाच्या वर उशिरा. इस्लामी महिन्याची तारीख माहीत असली की पाणी आज कुठपर्यंत येणार, ते पुळणीवर पाय ओढून दाखवता येतं. त्या रेषेच्या वर गाडा सोडायचा, नाहीतर ती फुग्याची चाकं कयाकच्या आधी समुद्रात जातील.

चाचींच्या प्रश्नाचं उत्तर चाकांत नव्हतं. ते त्यांनीच काढलं. पावसाळ्याचे चार महिने कयाक अंगणात पालथा राहील. अंगात जाकीट असल्याशिवाय वल्ह्याला हात नाही. आणि किनाऱ्यावर कुणीतरी बसलेलं असेल. ते कुणीतरी म्हणजे त्या स्वतः. पूर्वी होडीला खांदा देणं हे पुरुषांचं काम होतं, बाई पुळणीवर यायची ती टोपली घेऊन, होडी लागल्यावर. आता ओढायला लागतं चार-पाच किलो. चाचा एक बाजू धरतात, चाची दुसरी. सुरुवातीला मोहल्ल्यात कुजबुज झाली. मग दोन शेजारणी सोबत येऊन बसू लागल्या आणि कुजबुज थांबली.

राहिला वाटा. खांदा द्यायला आता कुणी लागत नाही, तेव्हा हिशेबाने वाटाही संपतो. यंत्र घरात आलं की असंच होतं : माणसाची गरज संपते, मग त्याची आठवण. आम्ही हे चाचांजवळ बोललो. ते जाळं झाडत होते. म्हणाले, ‘दम्याचा माणूस आता खांदा देऊ शकत नाही, म्हणून काय तो जेवत नाही? ज्यांनी तीस वर्षं होडी उचलली, त्यांचा वाटा फिटला असं कुणी सांगितलं तुम्हाला?’

त्या दिवशी पाच मासे मिळाले होते. दोन घरी आले.