फडावरचा फोन

दसरा सरला की बीडच्या धारूर, वडवणी, पाटोदा भागातली गावं ओस पडू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं.

फडावरचा दिवस अंधारातच उजाडतो. तरी मोळ्या बांधून झाल्या, की बांधावर भाकरीचं फडकं सोडता सोडता बाया मोबाईल स्पीकरवर टाकतात. पलीकडून आजी सांगते, पोरगं शाळेत गेलंय, पोटभर जेवलंय. एवढ्यावर थकलेले चेहरे खुलतात. या निरोपाचं मोल कुठल्याच उचलीत बसत नाही.

२०२१मध्ये सरकारने या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. ती तालुक्या-तालुक्यात नीट उभी राहायलाच हवी.

पाडव्याच्या सुमारास बिऱ्हाडं परततात. लेकरं आईची पिशवी धुंडाळतात, आई त्यांच्या वह्या.