अण्णा आणि १८३ नंबर

माझे सासरे, म्हणजे अण्णा, यंदा मार्चमध्ये सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे हॅरोला आले. ते येणार म्हणून आम्ही काय काय करून ठेवलं होतं, ते आधी सांगते. खालच्या मजल्यावरची खोली रिकामी केली, कारण जिना नको. टीव्हीवर मराठी वाहिन्या घेतल्या. मागच्या दारी ऊन येईल अशा बेतानं एक आरामखुर्ची ठेवली. मंडळातल्या एका काकांकडून जुने दिवाळी अंक आणून उशाशी रचले. नवऱ्याचं म्हणणं एकच होतं, "जन्मभर पहाटे चारला उठलेत. आता बसू देत निवांत."

अण्णा तीन दिवस निवांत बसले. चौथ्या दिवशी सकाळी मी लेकीला शाळेत सोडून परत येत होते, तर अण्णा आमच्या कोपऱ्यावरच्या बसस्टॉपला उभे. कानटोपी, मफलर, हातात खिशातली छोटी डायरी. मला वाटलं वाट चुकले. जवळ गेले तर म्हणाले, "अगं, हे बघ की. इथं लिहिलंय, गाडी साधारण दर आठ-दहा मिनिटांनी. साधारण म्हणजे काय? हे वेळापत्रक आहे का हवामानाचा अंदाज?"

अण्णा कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. आधी कंडक्टर, मग नियंत्रक, अशी ३३ वर्षं काढून २००९ साली ५८व्या वर्षी निवृत्त झाले. ज्यांनी एसटीनं प्रवास केलाय त्यांना हे काम समजावून सांगायला नको. खिडकीमागे बसायचं, आल्या-गेल्या गाडीची वेळ नोंदवायची, माइकवर फलाट सांगायचा, आणि 'गाडी कधी लागणार' या प्रश्नाला दिवसातून शंभरदा उत्तर द्यायचं. गल्लीत त्यांना अजून 'कंट्रोलरसाहेब' म्हणतात. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून अण्णा कऱ्हाडच्या घरात एकटे. रविवारचा फोन ठेवला की आमच्याकडे हा 'एकटे' शब्द हमखास निघायचा आणि त्यानंतर जरा वेळ कुणीच बोलायचं नाही.

तर अण्णांनी डायरीत रकाने आखले. तारीख, गाडी, बोर्डावर दाखवलेली वेळ, आली ती वेळ, फरक. आमच्या स्टॉपवर पुढची गाडी किती मिनिटांत येणार ते सांगणारा बोर्ड आहे. त्या बोर्डाच्या एका मिनिटात आणि घड्याळाच्या एका मिनिटात किती अंतर असतं, हे मला चार वर्षांत कळलं नव्हतं. अण्णांनी ते आठवड्यात सिद्ध करून दाखवलं.

मग त्यांनी बसायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी नवरा बरोबर गेला. कंडक्टर नाही हे पाहून अण्णांना धक्काच बसला. "मग घंटी कोण मारतं?" एक घंटी थांबायची, दोन घंटी निघायच्या, यावर त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. प्रवासीच बटण दाबतात म्हटल्यावर जरा विचार करून म्हणाले, "म्हणजे सगळेच कंडक्टर. बरंय."

लंडनच्या बसचं तिकीट तेव्हा पावणेदोन पौंड होतं. म्हणजे जवळजवळ दोनशे रुपये, आणि हा हिशेब अण्णा रोज मोठ्यानं करायचे. इथल्या ज्येष्ठांना मिळतो तो फुकट पास पाहुण्यांना नसतो. पण एकदा कार्ड टेकवलं की पुढच्या तासाभरात दुसऱ्या बसमध्ये चढायला वेगळे पैसे पडत नाहीत, हे त्यांना कळलं आणि त्याचा त्यांनी खेळच केला. १८३ नंबरची गाडी पिनरहून निघते, हॅरो, केंटन, किंग्जबरी, हेंडन करत गोल्डर्स ग्रीनला जाते. आमच्याकडून चढायचं, गोल्डर्स ग्रीनला उतरायचं, आणि तासाच्या आत परतीच्या गाडीत कार्ड टेकवायचं. जमलं तर परतीचा प्रवास फुकट. किंग्जबरीला रस्ता तुंबला की दोन-तीन मिनिटांनी हुकायचं. हुकलं की अण्णा तिथल्या ज्यू बेकरीतून मधे भोक असलेला पाव घेऊन येत. त्यामुळे ते दारातून आत आले, की पिशवीकडे बघून आम्हाला निकाल कळायचा. माझी सहा वर्षांची लेक तर शाळेतून आल्या आल्या विचारायची, "अण्णा, आज पाव की फुकट?"

या सगळ्यात त्यांना सगळ्यात आवडलेली गोष्ट ऐकून मला नवल वाटलं. कधी कधी बस स्टॉपवर नुसतीच उभी राहते आणि घोषणा होते, की गाड्यांमधलं अंतर सारखं करायला ही गाडी जरा वेळ थांबवली आहे. आपण सगळे त्यावर चरफडतो. अण्णांना कुणीतरी त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. "म्हणजे कुठंतरी कंट्रोलर बसलाय!" त्यानंतर अशी गाडी थांबली की बाकीची बस घड्याळं बघायची आणि अण्णा एकटे समाधानानं बाहेर.

एप्रिलमधली गोष्ट. रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली ती खालून येणाऱ्या बोलण्यानं. नवऱ्याला उठवलं. दोघं जिन्यात उभे राहिलो. अण्णांच्या खोलीत अंधार, आणि अण्णा बोलतायत, हळू पण स्पष्ट. नवऱ्याचा चेहरा मला दिसत नव्हता, पण त्यानं माझं मनगट धरलं ते आठवतं. आई गेल्यावर असं होतं म्हणतात, माणसं रात्री बोलायला लागतात. आम्ही अजून दोन पायऱ्या उतरलो.

"ती गेली की मघाशीच," अण्णा म्हणत होते. "आता थांब जरा, सांगलीहून येणारी चिपळूण गाडी धर. चौकशीवर विचार, फलाट सांगतील. आणि पुढं बस, पाटणच्या पुढं रस्ता वाकडातिकडा हाय, पोराला उलटी व्हईल."

कऱ्हाडला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. कुणीतरी स्टँडवरून फोन करून गाडी विचारत होतं. आणि अण्णा लंडनमधल्या अंधाऱ्या खोलीत पांघरुणात बसून ती सांगत होते.

सकाळी विचारलं तर म्हणाले, "रोजचंच आहे. पाच-सात फोन तर असतात. पण फोन बंद कसा ठेवायचा? एखाद्याची गाडी जायची."

त्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी पहिल्यांदा त्यांचा कऱ्हाडचा दिवस नीट सांगितला. आम्ही कधी विचारलाच नव्हता. 'जेवलात का, गोळी घेतली का' हेच विचारायचो. पहाटे प्रीतिसंगमावर चालायला. कृष्णा-कोयनेचं पाणी आज किती चढलं-उतरलं, यावर तिथल्या बाकावर चार निवृत्तांचा वाद. तिथून स्टँड. ढेबेवाडीकडच्या मुक्कामी गाड्या सकाळी शाळेची पोरं घेऊन येतात, त्या वेळेवर आल्या का ते बघायचं. कँटीनचा अर्धा चहा. घरी येऊन अंघोळ, भाकरी. भाकरी ते स्वतः थापतात. आईंच्या माघारी शिकले, आता गोल होते म्हणाले. दुपारी गल्लीतल्या कुणाचा तरी अर्ज लिहून द्यायचा. रविवारी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली.

मी ऐकत होते आणि मनात आमचा 'एकटे' हा शब्द कुठं बसतो ते शोधत होते.

नवऱ्यानं मात्र तोवर एका वकिलाला गाठलं होतं. अण्णांना कायमचं इथं ठेवता येईल का म्हणून. तुमच्यापैकी अनेकांनी हा दरवाजा ठोठावून पाहिला असेल. २०१२ पासूनचा नियम असा, की वयामुळे, आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे माणसाला रोजच्या साध्या गोष्टींसाठीही दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते, आणि ती मदत मायदेशात मिळण्यासारखी नाही, हे कागदोपत्री दाखवावं लागतं. रोज एकटा बस बदलत गोल्डर्स ग्रीनला जाऊन येणारा माणूस त्यात कुठून बसणार? नवरा उतरल्या चेहऱ्यानं हे सांगत होता, तर अण्णा म्हणाले, "म्हणजे मी अंथरूण धरलं की व्हिसा? नको रे बाबा." आणि हसत सुटले.

नवरा हसला नाही. मीही नाही. माझं कारण वेगळं होतं आणि ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

मी एम. ए., बी. एड. सांगलीच्या एका शाळेत आठ वर्षं मराठी शिकवलं. २०२१ मध्ये इथं आलो. माझा विषय इथल्या शाळांच्या कामाचा नाही. नव्यानं काहीतरी शिकायचं ते लेक जरा मोठी झाल्यावर, असं ठरलं. लेक आता पहिलीतून दुसरीत जाईल. फॉर्मवर मी 'होममेकर' लिहिते. सकाळी नऊ ते तीन घरात कुणीही नसतं. अण्णा आल्यापासून अकराला कुणीतरी 'चहा टाकतेस का' म्हणायचं. कुणीतरी बाहेरून येऊन 'आज काय झालं' ते सांगायचं. अण्णा इथं राहावेत, हा हट्ट नवऱ्यापेक्षा माझा जास्त होता, आणि त्यात अण्णांची काळजी किती नि माझी सोय किती, हे मी नीट तपासलं नव्हतं.

जूनमध्ये एका दुपारी मी भांडी आवरून कणीक मळायला घेतली, तर अण्णांनी डायरीतून मान वर करून विचारलं, "तुझी ड्युटी कधी सुटते गं?"

मी म्हटलं, "माझी कसली ड्युटी अण्णा, मी तर घरीच असते."

"ड्युटीच नाही तर मग सुटणार कधी?" ते म्हणाले आणि पुन्हा डायरीत बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. मंगळवार होता. धुतलेले कपडे मशीनमध्ये तसेच होते आणि ते मला केंटनपर्यंत आठवत होते. चार वर्षांत मी कामाशिवाय बसमध्ये बसले नव्हते. अण्णा वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर बसतात. झाडांच्या फांद्या काचेवर आपटतात, लोकांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांतून कुंड्या आणि मांजरं दिसतात. आपण रोज ज्या रस्त्यानं मान खाली घालून जातो तो रस्ता हाच, हे पटायला वेळ लागला.

किंग्जबरीच्या पुढे अण्णा आपणहून बोलायला लागले. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झाला, हार झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठून त्यांनी खाकी गणवेश चढवला, बूट घातले, आणि सासूबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या. "कुठं निघालाय?" म्हणाल्या. एवढंच. अण्णा पायरीवर बसून बूट सोडायला लागले, तर गाठ सुटेना.

"मग सहा-सात महिने मी तिला छळलं," ते म्हणाले. "दूध किती मिनिटांनी उतू जातं, भाजीला किती वेळ लागला. घड्याळ घेऊन तिच्या मागं. शेवटी तिनं पिशवी हातात दिली नि म्हणाली, जावा स्टँडवर, तासभर तोंड दाखवू नका. गेलो. बाकावर बसलो. लाज वाटायची. नवा कंट्रोलर चहा पाजायचा, ते तर नकोच वाटायचं. मग कुणीतरी गाडी विचारली. सांगितली. असं करत करत जमलं. दोन वर्षं लागली मला रिटायर व्हायला."

मी विचारलं, "अण्णा, इथं नाही का जमणार? हळूहळू?"

ते बराच वेळ बाहेर बघत होते. "इथं मी तुमच्याकडं आलोय," ते म्हणाले. "तिथं लोक माझ्याकडं येतात."

गोल्डर्स ग्रीनला आम्ही ५८व्या मिनिटाला परतीच्या गाडीत कार्ड टेकवलं. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी स्कॉलरशिपमध्ये आले.

त्यानंतर दर मंगळवार माझा झाला. शाळा सुटायच्या आत परत. लेकीला आणि नवऱ्याला सांगून टाकलं, मंगळवारी दुपारी आई ड्युटीवर नाही. नवऱ्याला आधी गंमत वाटली. मग त्या दिवशीचं स्वयंपाकघर त्याच्याकडे आलं, तेव्हा जरा कमी वाटली. मंगळवारची आमटी अजूनही पातळच असते.

अण्णा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेले. विमानतळावर नवरा खूप रडला, अण्णा थोडे. डायरी त्यांनी बरोबर नेली. कऱ्हाडच्या स्टँडवर दाखवायची होती, लंडनच्या गाड्याही उशिरा येतात म्हणून. आरामखुर्ची आम्ही मंडळातल्याच एका कुटुंबाला दिली, त्यांच्याकडे आईवडील यायचेत. मी त्यांना म्हटलं, खुर्ची न्या, पण बसचं कार्डही काढून ठेवा.

गेल्या मंगळवारी दुपारी एकला मी स्टॉपवर उभी होते, तर अण्णांचा फोन. त्यांच्याकडे संध्याकाळचे साडेपाच. मागून माइकवर फलाट सांगत होते, पोरांचा गलका, कुठली तरी गाडी मागे घेतानाची शिट्टी.

"कुठं आहेस?"

"स्टॉपवर."

"बोर्ड किती दाखवतोय?"

"चार मिनिटं."

"फोन ठेवू नको," ते म्हणाले. "घड्याळ लाव."

सात मिनिटं आणि वर काही सेकंद लागले. मी आकडा सांगितला, त्यांनी तिकडे लिहून घेतला, आणि मी कार्ड टेकवून वर पुढच्या सीटवर जाऊन बसले.