अँडीजच्या पठारावर हिवाळ्याची चाहूल

मे महिना म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रखरखीत ऊन, आंब्यांच्या अढ्या आणि अंगणात घातलेले पापड-कुरडयांचे वाळवण उभे राहते. विषुववृत्ताच्या दक्षिणेस, पेरू देशातील अँडीज पर्वताच्या पठारावर त्याच महिन्यात हिवाळा पाऊल टाकतो. सुमारे चार हजार मीटरांच्या वरच्या या वृक्षहीन, गवताळ प्रदेशाला ‘पुना’ असे नाव आहे. (मुळा-मुठेच्या काठच्या शहराशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हे मराठी वाचकास सांगितलेले बरे.) येथे नांगर फारसा चालत नाही. बटाटासुद्धा या उंचीवर जेमतेम तग धरतो. केचुआ आणि आयमारा भाषा बोलणारी येथील कुटुंबे जगतात ती अल्पाकाच्या आधारावर.

अल्पाका हा उंटाच्या कुळातील, परंतु मदार नसलेला प्राणी. मान लांब, डोळे टपोरे आणि अंगभर दाट, मऊ लोकर. रानटी विकुन्यापासून तो निपजला आणि सहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळला, असे संशोधक मानतात. २०१२ सालच्या पेरूच्या कृषिगणनेत ३६ लाखांहून अधिक अल्पाका मोजले गेले. त्यांत सर्वांत मोठा वाटा टिटिकाका सरोवराजवळच्या पुनो प्रांताचा होता.

आपण हिवाळा म्हटला की थंडीचा विचार करतो. पुनावर हिवाळा म्हणजे प्रथम कोरडेपणा. पाऊस डिसेंबर ते मार्च एवढाच. एप्रिल सरता सरता आभाळ निरभ्र होते, आणि ढगांचे पांघरूण गेल्यामुळे दिवसाची ऊब रात्री टिकत नाही. भर दुपारी अंगावरची शाल नकोशी होते, तर पहाटे पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश उतरतो. ‘इचू’ नावाचे गवत पिवळे पडून तारेसारखे ताठ होते. अल्पाकाचा थोरला भाऊ लामा, तो हे गवत चावून निभावून नेतो. अल्पाकाला मात्र कोवळा, ओलसर चारा लागतो. तो आता एकाच ठिकाणी उरलेला असतो, आणि ते ठिकाण म्हणजे ‘बोफेदाल’.

बोफेदाल म्हणजे डोंगरातील पाणथळ कुरण. दुरून पाहणाऱ्यास पिवळ्या माळावर हिरवी सतरंजी अंथरल्यासारखे दिसावे. झऱ्यांचे आणि हिमनद्यांचे पाणी त्यात झिरपत असते. उशीसारख्या घट्ट वाढणाऱ्या बुटक्या वनस्पती त्यावर पोसतात आणि त्यांच्याखाली वर्षानुवर्षे कुजट मातीचा थर साठत जातो. ही सारी निसर्गाची देणगी आहे असे मात्र कोणी समजू नये. कित्येक बोफेदाल मेंढपाळांनी पाट काढून, पाणी फिरवून वाढवले आहेत. आपला शेतकरी उसाला पाणी देतो, तसेच हे लोक गवताला देतात. पावसाळा संपला की फावडी घेऊन पाटांतील गाळ उपसणे आणि ढासळलेले बांध हिरव्या ढेकळांनी बुजवणे हे हिवाळ्यापूर्वीचे मोठे काम. दोन-तीन वर्षे पाणी तुटले तर कुरण करपते, आणि करपलेले कुरण पुन्हा सहजासहजी उगवत नाही. अल्पाकाचे पाय खुरांचे नसून मऊ गादीचे असल्यामुळे ही नाजूक हिरवळ तुडवली जाऊनही फाटत नाही. मेंढरांच्या खुरांबद्दल तसे म्हणता येत नाही.

या दिवसांत सकाळ सावकाश उजाडते. दगडी गडग्याच्या वाड्यात अल्पाका एकमेकांना चिकटून बसलेले असतात, आणि त्यांच्या पाठीवरील लोकरीवर हिमकण चमकत असतात. उन्हाने गवतावरचे हिम वितळेपर्यंत कळप सोडत नाहीत. तोवर घरात सूप शिजते. चुलीत जळतात त्या अल्पाकाच्याच वाळलेल्या लेंड्या. हा प्राणी ठराविक जागीच विष्ठा टाकतो, त्यामुळे जळण गोळा करावयास रानभर हिंडावे लागत नाही. झाडे नसलेल्या मुलखात ही सोय किती मोठी, हे गृहिणींना वेगळे सांगावयास नको.

कळपामागे बहुधा स्त्रिया आणि मुले जातात. कमरेला गोफण असते. तिचा दगड जनावराला न लागता त्याच्या पुढ्यात पडावा, हे त्यातले कौशल्य. कोल्हा आणि प्यूमा यांवर नजर ठेवावी लागते. हात मात्र रिकामे नसतात. चालता चालता टकळीवर सूत निघत असते. आपल्या धनगर बायांची आठवण व्हावी असेच हे दृश्य आहे.

याच दिवसांत घरातील सर्वांत कठीण निर्णय घ्यावा लागतो. बोफेदालाचा चारा किती जनावरांना पुरेल याचा अंदाज बांधून म्हातारी, दुबळी आणि वांझ जनावरे निवडली जातात. जानेवारी ते मार्च या काळात जन्मलेली पिल्ले आणि पुन्हा गाभण राहिलेल्या माद्या यांना चारा उरला पाहिजे. गर्भकाळ अकरा महिन्यांहून अधिक असल्यामुळे मादी जवळजवळ वर्षभर गाभणच असते. तिने हिवाळा काढला नाही तर दोन जीव जातात. काढून टाकलेल्या जनावरांच्या मांसाच्या पातळ चिरफळ्या करून, मीठ लावून त्या रात्रीच्या हिमात आणि दिवसाच्या उन्हात वाळवतात. हाच ‘चार्की’. खालच्या गावांत बटाट्यांवर असाच प्रयोग होतो. ते हिमात गोठवून, पायांनी तुडवून, पाणी काढून वाळवले की त्यांचा ‘चुन्यो’ होतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. आपले वाळवण केवळ उन्हाचे. यांचे ऊन आणि हिम दोहोंचे.

निवडीत रंगाचाही प्रश्न असतो. गिरण्यांना हवा तसा रंग देता येतो म्हणून पांढऱ्या लोकरीला मागणी अधिक. त्यामुळे तपकिरी, करडी, काळी जनावरे कळपांतून कमी होत गेली. दलालाच्या तराजूपुढे आजोबांच्या वेळचा काळा वाण राखून ठेवणे थोड्यांनाच परवडते.

मानववंशशास्त्रज्ञ होर्हे फ्लोरेस ओचोआ यांनी १९६८ साली पुनोतील पारातिया या गावच्या मेंढपाळांवर पुस्तक प्रसिद्ध केले. तेथील पुरुष सुगीनंतर लामांचे तांडे घेऊन खोऱ्यांत उतरत आणि लोकर, चार्की यांच्या बदल्यात मका व बटाटे आणीत. आता पुष्कळशी वाहतूक मालमोटारीने होते. तरी हिवाळ्यापूर्वी धान्याची पोती घरात आली पाहिजेत, ही घाई तीच आहे.

एवढी तयारी करूनही हिवाळा दगा देतो. २०१३ च्या ऑगस्टअखेर दक्षिण पेरूत अवेळी मोठे हिम पडले. गवत हिमाखाली गाडले गेले आणि हजारो अल्पाका दगावले. लडाखच्या चांगथांग पठारावर पश्मिना शेळ्या पाळणाऱ्या चांगपांना हे दुःख परके नाही. त्यानंतर शासनाने ठिकठिकाणी पत्र्याचे निवारे बांधले. ते पिल्लांना उपयोगी पडतात. परंतु निवाऱ्यात गवत उगवत नाही. पेरूतील हिमनद्यांचे निम्म्याहून अधिक क्षेत्र १९६२ पासून नाहीसे झाले आहे, आणि ज्या पाटाचे पाणी तिकडून येते त्याच्या मुखाशी फावडे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हा आकडा सांगण्याची गरज नाही. तरुण मुले हुलियाका आणि अरेकिपा या शहरांकडे जातात. मागे राहिलेल्या आईबापांना तेच पाट अधिक लांबून आणावे लागतात.

सूर्य कलला की वारा सुटतो आणि कळप आपोआप घराकडे वळतो. वाड्याच्या तोंडाशी घरातील बाई उभी असते. ती जनावरे मोजत नाही. प्रत्येकाची चण, रंग, कानाची ठेवण तिला ठाऊक असते. शेवटची मादी आत शिरली की तिच्या ध्यानात येते की पांढऱ्या डागाची ती तांबूस पाडी आली नाही. आणि ती कुत्र्याला हाक मारून, शाल आवळून, पुन्हा बोफेदालाच्या वाटेला लागते.