एकच माणूस सोबत

बरेच दिवस यावर लिहायचं होतं, पण हात होत नव्हता.

कोरोना मुलांना फारसा त्रास देत नाही, असं २०२० मध्ये सगळेच म्हणत. बरंचसं खरंही होतं ते. पण मे २०२१ मध्ये माझा सात वर्षांचा भाचा धुळ्यात दाखल झाला. घरातल्यांचा कोरोना होऊन महिना उलटलेला, याला तेव्हा साधी शिंकही नव्हती! मग अचानक ताप, पोटदुखी, लालभडक डोळे. डॉक्टर म्हणाले, 'एमआयएस-सी'. संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटते, हृदयालाही सूज येऊ शकते. उपचार म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन आणि स्टिरॉइड. इम्युनोग्लोब्युलिन महागडं, वजनावर देतात. पोरगं काडीपैलवान असल्याचा आनंद मला आयुष्यात प्रथमच झाला.

आत फक्त ताई. दाजी बाहेर झाडाखाली, मी जळगावात पैशांची जुळवाजुळव करत. पीपीई किटमधली माणसं त्याला सगळी सारखीच दिसायची. आवाजावरून त्याने दोन गट पाडले होते, सुई टोचणाऱ्या सिस्टर आणि न टोचणाऱ्या.

नवव्या दिवशी सुटला. हृदयाची इको तपासणी मात्र पुढे वर्षभर चालली. आता मस्त क्रिकेट खेळतो. साधा ताप आला तरी ताई अजून आधी त्याचे डोळे बघते, मग थर्मामीटर शोधते.