चाकूचं तेलपाणी

आमच्या घरातून दोन वस्तू कधी कोणाला उसन्या गेल्या नाहीत. एक डोंग्याचं वल्हं आणि दुसरा बाबांचा घडीचा चाकू. पलीकडे भंडारा, अलीकडे कारधा आणि मधून वैनगंगा. आम्ही ढिवर. नदीच आमचं शेत. त्या शेतात चाकू कशाला लागतो, असं शहरातले ओळखीचे विचारतात. जाळ्याची दोरी कापायला, सुंभ तोडायला, मासा साफ करायला लागतो, हे सगळं खरं. पण तो कमरेला असतो तो वेगळ्याच कारणासाठी.

माझे काका मी चार वर्षांचा असताना नदीत गेले. गढूळ पाण्याचे दिवस होते. जाळ्याची खालची दोरी पायात गुंतली आणि ओढीनं त्यांना खाली नेलं. दुसऱ्या दिवशी सापडले, तेव्हा चाकू कमरेलाच होता, मिटलेला. बाबांनी तो उघडून पाहिला. नखं तुटली, पण पातं हललं नाही. सांध्यात रेती बसली होती आणि तिच्यावर जंग चढला होता. बाबा त्यावर कधी जास्त बोलले नाहीत. एवढंच म्हणत, "पान्यात चाकू उघडायले देव नाही येत बाबू, आपलं नख पुरलं पायजे."

गावात हत्यारं खंडेनवमीला पुसतात, त्यांना हळदकुंकू लावतात. बाबांची खंडेनवमी दर अमावस्या-पौर्णिमेला यायची. अंगणात जुन्या धोतराचा तुकडा अंथरायचा. आधी चाकू उघडून, तोंड खाली करून, तळहातावर ठोकायचा, म्हणजे सुटी रेती पडते. मग बांबूची बारीक काडी तासून मुठीच्या खाचेतला मळ उकरायचा. लोखंडाची तार चालत नसे, कारण आतल्या पितळेच्या पत्रीवर ओरखडे पडतात. त्यानंतर सांध्यात मातीच्या तेलाचे चार थेंब टाकून पातं वीस-पंचवीस वेळा उघडायचं-मिटायचं. काळं पाणी निघायचं. ते पुसायचं, पुन्हा थेंब, पुन्हा उघडझाप. थेंब स्वच्छ निघाला की काम अर्धं झालं. पात्यावर जंगाचा ठिपका असेल तर ओल्या चिंधीवर राख घेऊन घासायचं. धार मात्र कुरुंदाच्या दगडावर. आमच्याच जिल्ह्यात पोहऱ्याकडे कुरुंद निघतो.

मग उन्हात वाळवायचं. बाबांच्या मते हीच खरी पायरी. ओल्यावर तेल घातलं तर पाणी आतच कोंडतं आणि वरून चकचकीत दिसणारा चाकू आतून सडतो.

शेवटी तेल. आमच्याकडे घरोघरी जवसाचं तेल असतं, पण ते चाकूला कधी लावू नये. हवेत ते वाळतं, चिकट होतं आणि सांधा डिंकानं चिकटवल्यासारखा बसतो. खोबरेल आणि मोहाच्या बियांचं तेल थंडीत थिजतं, पहाटेच्या नदीवर तर हमखास. शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, वाळत नाही, थिजत नाही. त्याचा एक थेंब खिळीवर, एक पाठीच्या कमानीवर, बस. "तेल पाज त्याले, आंघोळ नको घालू," बाबा ओरडायचे. जास्त तेल झालं की तेच रेती धरून ठेवतं. आणि ते तेल पोटात जाण्यासारखं नाही, म्हणून आंबा कापायच्या आधी पातं पुसून घ्यायचं.

मी दहावीत होतो तेव्हा एका संध्याकाळी बाबांच्या घोट्यालाही दोरीचा वेढा पडला. डोंगा कलंडला, बाबा पाण्याखाली गेले. काठावरून मला फक्त पाणी दिसत होतं. थोड्या वेळानं ते दोन पुरुष खाली वर आले. तोंडात चाकू होता, उघडा. घरी आल्यावर जेवण्याआधी त्यांनी चाकू पुसून वाळत ठेवला. आईनं मात्र त्या रात्री ताटाला हात लावला नाही.

2020 च्या ऑगस्टअखेरचा पूर सगळ्यांना आठवतो. कारध्याला नदीची धोक्याची पातळी 245.50 मीटर. पाणी त्याच्या बरंच वर गेलं, लहान पूल तर दिसेनासाच झाला. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली, तर चाकू गाळाच्या गोळ्यात. बाबांची नजर तोवर गेली होती, हात कापत होते. ते बाजेवरून सांगत राहिले, मी करत राहिलो. लाकडी मूठ फुगली होती, म्हणून ऊन न दाखवता दोन दिवस सावलीतच वाळवली. खीळ ढिली झाली होती, ती भंडाऱ्यात पितळेचं काम करणाऱ्या एका कारागिरानं ठोकून दिली. मग त्यांच्या कानाजवळ धरून पातं उघडलं. टक् असा आवाज आला. पुन्हा एकदा मिटून उघडायला लावलं. मग म्हणाले, "आता दे पोरीच्या पोराले."

माझा भाचा आता डोंग्यावर जातो. त्याच्याकडे मोबाइल आहे, हवा भरलेली ट्यूब आहे. चाकू त्याला जुनाट वाटायचा. मी त्याला काकांचा तो मिटलेला चाकू दाखवला. आईनं तो इतकी वर्षं फडक्यात बांधून ठेवला होता. त्यानं अंगठा लावून पाहिला, मग दोन्ही अंगठे लावले. काही न बोलता परत दिला आणि विचारलं, "मामा, मशीनचं तेल कुठी भेटते?"