न दिलेली संमती

हरकत मी घेतली आणि संमतीदारांत नाव माझेच लागले, ही गोष्ट अजून सलते. येलदरीस, पूर्णेवर 1968 साली पुऱ्या झालेल्या धरणाजवळच्या घरी बसून मी लिनक्स कर्नलमधील प्रस्तावित बदल तपासतो. त्यांतलाच हा एक.

इंटरप्ट आला की त्याची तातडीची दखल त्रोटक ठेवून उरलेले काम थ्रेडकडे सोपविण्याची सोय 2009 साली, 2.6.30 या आवृत्तीत आली. 2024 मध्ये 6.12 या आवृत्तीने रिअल-टाइम व्यवस्था मुख्य कर्नलमध्ये सामावून घेतल्यावर या सोयीचे महत्त्व वाढले. एका तरुण अभियंत्याने आपला ड्रायव्हर त्या मार्गावर आणला, हे स्तुत्यच होते.

परंतु थ्रेडचे काम आटोपेपर्यंत इंटरप्टची वाट बंद ठेवणारा 'वनशॉट' हा निर्देश त्याने गाळला होता. प्राथमिक हँडलरही नसेल तर अशी नोंदणी कर्नलच नाकारतो, म्हणून केवळ थ्रेडला जागे करणारा नामधारी हँडलर लिहून त्याने तो नकार चुकविला होता. त्याच्या बोर्डावर इंटरप्ट 'एज' पद्धतीचा, म्हणजे संकेत बदलताच एकदा उठणारा असल्याने चाचण्या निर्वेध पार पडल्या. 'लेव्हल' पद्धतीत मात्र, जलाशयाची पातळी धोक्याच्या रेषेखाली उतरेपर्यंत इशारा जसा कायम राहतो, तसा उपकरणाची मागणी पुरी होईपर्यंत इंटरप्ट पुनःपुन्हा उठतो, आणि एकाच प्रोसेसरच्या यंत्रात ती मागणी पुरविणाऱ्या थ्रेडला धावण्याची संधीच न मिळाल्याने यंत्र गोठते. हे सारे मी सविस्तर लिहून कळविले आणि मंजुरी नाकारली.

पुढच्या मसुद्यात कोडची एक ओळही बदलली नव्हती. अखेरीस मात्र 'रिव्ह्यूड-बाय' या शेऱ्यापुढे माझे नाव होते, आणि बदल तसाच दाखल झाला. हा शेरा म्हणजे शोभेची ओळ नव्हे. मी बदल तपासला, माझ्या शंकांचे निरसन झाले, गंभीर दोष उरला नाही, असे ते तपासणाऱ्याचे निवेदन असते, आणि त्याच्या परवानगीवाचून ते लिहू नये असा कर्नलच्या नियमावलीचा दंडक आहे. जाब विचारता उत्तर आले की, आपण इतक्या बारकाईने वाचलेत म्हणून श्रेय दिले. त्या उत्तरात कपट नव्हते, आणि त्याच्यावरील माझा रोष तिथेच विरला. पण माझी हरकत दप्तरी समोर असताना मसुदा पुढे धाडणाऱ्या वरिष्ठांना मी अद्याप क्षमा करू शकलेलो नाही. नवोदितांनी आभार अवश्य मानावेत. हा शेरा मात्र तपासणाऱ्याने स्वतः दिल्यावाचून लिहू नये.

दोष पुढे स्वतंत्र बदलाने दुरुस्त झाला. परंतु प्रसिद्ध झालेली नोंद मागाहून फिरवीत नाहीत, म्हणून मूळ बदलाखाली माझे नाव आजही आहे.