चवदार तळे ते दीक्षाभूमी

महाडच्या माणसाला नागपूर फार लांब. रेल्वेने जायचे तर आधी वीर स्टेशन, मग मुंबई, मग नागपूरची गाडी. म्हातारी माणसे घेऊन एवढी चढउतार कोण करणार? म्हणून २०२४ साली आमच्या बौद्धवाडीतील १७ जणांनी माणशी अडीच हजार वर्गणी काढून टेम्पो ट्रॅव्हलर ठरविली. हिशेब आमच्याकडे.

सर्वांत वडील आमच्या आत्याबाई, वय ८२. त्यांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, मार्च १९२७ मध्ये पोलादपूरकडच्या डोंगरातून पायी तळ्यावर आले होते. लेकीने मात्र दीक्षाभूमी पाहिली नव्हती. "यंदा नाय तर कधीच नाय," असे त्यांनी बजावले होते.

११ ऑक्टोबरला पहाटे ४ वाजता तळ्यावर बाबासाहेबांना वंदन करून निघालो. सावित्रीच्या पुलावर गाडी आली आणि गप्पा थांबल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री येथला इंग्रजांच्या काळचा पूल पुरात कोसळला, दोन एसटी गाड्या माणसांसह वाहून गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत झाला, पण येथून जाताना छातीवर हात जातोच.

पोलादपूरला चहा घेऊन आंबेनळी घाट धरला. धुके दाट, रस्ता अरुंद. २०१८ च्या जुलैत याच घाटात बस दरीत जाऊन ३० जण गेले. चालकाला कोणीही घाई केली नाही. मुले ओकून ओकून थकली. महाबळेश्वरला ऊन पडले तेव्हा कुठे माणसे बोलू लागली. जिच्या पुलावर आम्ही गप्प झालो, त्या सावित्रीचा उगम येथलाच, हे मुलांना दाखविले.

पुणे आणि नगरच्या गर्दीत दिवस गेला. रात्री छत्रपती संभाजीनगरला एका विहारात पथारी टाकली. सकाळी नागसेनवनात जाऊन, बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय पाहिले आणि समृद्धी महामार्गाला लागलो. घाटातल्या माणसांना तो रस्ता स्वप्नासारखा वाटला. जालना मागे पडले आणि टायर फुटला. स्टेपनी काढली, तर तीही बसलेली!

चालक दुसऱ्या गाडीतून चाक घेऊन गेला. आम्ही कठड्यापलीकडे चार तास उन्हात. दुकान नाही, सावली नाही. जादा खर्चासाठी पैसे राखून ठेवायला आम्ही विसरलो होतो. बी.कॉम. होऊन उपयोग काय, असे एक वहिनी तोंडावर बोलल्या. चूक आमचीच होती, काय उत्तर देणार? एक बांधव म्हणाले, "सोहळा तर चुकणारच, आता येथूनच माघारी फिरू." दोन-तीन जणांनी मान डोलाविली.

आत्याबाईंनी गाठोडे सोडले. नाचणीच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी सर्वांना वाटली. मग पदराची गाठ सोडून दोन हजार रुपये आमच्या हातावर ठेवले. "मी माघारी येत नाय," एवढेच म्हणाल्या. मुलांची कुरकूर थांबेना, तेव्हा आम्ही त्यांना डिसेंबर १९२७ ची गोष्ट सांगितली. बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगाव बंदरावर उतरले आणि तेथून महाडला गेले. एका पोराने विचारले, "मग त्यांची गाडी कुठं होती?"

नागपूरला पोचायला रात्रीचे साडेदहा वाजले. मुख्य सोहळा आटोपला होता. लोकांचे लोंढे उलट दिशेने येत होते, त्यातून आत्याबाईंना दोघांनी धरून नेले. स्तूपासमोर त्या पंचशील म्हणाल्या आणि तेथेच बसून राहिल्या. आम्ही सोहळा चुकल्याबद्दल माफी मागू लागलो, तर म्हणाल्या, "माझा बा तळ्यावर एका दिवसात चालत पोचला. तुमच्या गाडीला दोन दिवस लागले."

तासभर कोणी त्यांना उठा म्हणाले नाही.

परतीच्या प्रवासात काही बिघडले नाही. टायरापायी माणशी ३०० रुपये जादा पडले. आत्याबाईंचे दोन हजार आम्ही पहिल्याच आठवड्यात परत केले. दोघा बांधवांकडून येणे मात्र अजून बाकी आहे.